गिअरपेटीतील तेलगळती

जुन्या मोटारगाडीच्या गिअरपेटीतील (दंतचक्र पेटीतील) वंगण तेल पेटीच्या सांध्यांतून, फिरत्या दंडांभोवतीच्या सीलमधून अथवा कवचाच्या भेगेतून बाहेर झिरपणे याला गिअरपेटीतील तेलगळती म्हणतात. वापरात असलेल्या किंवा जतन केलेल्या बहुतेक जुन्या गाड्यांत हा दोष कमीअधिक प्रमाणात आढळतो. त्यामुळे काही मालक त्याकडे दुर्लक्ष करतात, तर काही जण क्षुल्लक ठिपक्यासाठी सर्व पेटी उतरवितात. ही दोन्ही टोके टाळण्यासाठी एक तत्त्व ध्यानी ठेवावे लागते. गळतीचे गांभीर्य केवळ किती तेल गळते यावर अवलंबून नसून ते कोठून गळते व कोठे जाऊन पडते यावर प्रामुख्याने अवलंबून असते. प्रस्तुत नोंदीत हाताने गिअर बदलावयाच्या व एंजिन पुढे असून मागील किंवा चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाड्यांतील गळतीचे निदान व दुरुस्ती यांचा विचार केला आहे. [⟶ मोटारगाडी, वंगणक्रिया].

महाराष्ट्रातील जुन्या गाड्या : महाराष्ट्रात आज जतन केलेल्या जुन्या गाड्यांपैकी पुष्कळ गाड्या तीन कुळांतील आहेत. पहिले कूळ विलिस घडणीच्या जीपगाड्यांचे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४० च्या दशकाच्या अखेरीस, महिंद्र कंपनीने मुंबईत माझगाव येथे त्यांची जुळणी सुरू केली व पुढे अनेक वर्षे देशातच त्यांचे उत्पादन केले. दुसरे कूळ कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कारखान्याच्या फियाट ११०० गाड्यांचे. हा उद्योग वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केला. १,०८९ घ. सेंमी. क्षमतेचे एंजिन असलेली ही गाडी १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली व मुंबईची टॅक्सी म्हणून लोकांच्या परिचयाची झाली. टॅक्सीसाठी ठरविलेली वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये ती त्या सेवेतून कायमची निवृत्त झाली. तिसरे कूळ उत्तरपाडा (पश्चिम बंगाल) येथे १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत तयार झालेल्या अँबॅसडर गाड्यांचे. या तिन्ही कुळांत एंजिन पुढे, त्यामागे क्लच, त्याला जोडून गिअरपेटी आणि तेथून मागील आसाकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट अशी मांडणी असते. म्हणून गळतीच्या जागाही बव्हंशी समान आहेत.

रचना : गिअरपेटी हे बिडाचे किंवा ॲल्युमिनियम मिश्रधातूचे ओतीव कवच असते. त्यात क्लचकडून येणारा प्रवेशी दंड, खालील बाजूचा उपदंड व मागे निघणारा मुख्य दंड आणि त्यांवरील दंतचक्रे धारव्यांवर (बेअरिंगांवर) फिरतात. पेटी तेलाने पूर्ण भरलेली नसते. खालील दंतचक्रे तेलात बुडून फिरतात व तेल वर उडवितात, त्यामुळे सर्व भागांना वंगण मिळते. तेल बाहेर जाऊ नये म्हणून तीन प्रकारच्या योजना असतात. जे सांधे स्थिर असतात, उदा., वरील झाकण, पुढील धारव्याचे झाकण व मागील विस्तारित कवच, तेथे कागदी गॅस्केट घालतात. तेल भरण्याच्या व काढण्याच्या भोकांना आटे असलेली बुचे व त्यांखाली तांब्याचे किंवा तंतुमय वॉशर असतात. जेथे दंड फिरतो तेथे ऑईल सील बसवितात.

जुन्या काळी फिरत्या दंडासाठी नमदा, चामडे किंवा ग्रॅफाइट चोळलेला दोर वापरीत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास संश्लिष्ट रबराच्या ओठाचे सील प्रचारात आले. अशा सीलमध्ये धातूच्या कड्याला रबराचा पातळ ओठ चिकटविलेला असतो व एक बारीक वर्तुळाकार स्प्रिंग तो ओठ दंडावर हलकेच दाबून धरते. ओठ व दंड यांच्यामध्ये तेलाचा अत्यंत पातळ थर राहतो. तो थर नसेल तर ओठ जळतो आणि जाड झाला तर गळती होते. सीलचे काम अशा रीतीने सूक्ष्म समतोलावर चालते. काही जुन्या ब्रिटिश घडणीच्या एंजिनांत, उदा., अँबॅसडरमधील १,४८९ घ. सेंमी. एंजिनात, भुजादंडाच्या मागील टोकाशी ओठाचे सील नसून पेचदार खाच असते. दंड फिरत असताना ही खाच तेल आत लोटते, परंतु एंजिन थांबताच तिचे कार्य थांबते. अशा गाडीखाली उभ्या स्थितीत पडणारे एकदोन थेंब हा बिघाड नसून रचनेचाच परिणाम असतो. ते गिअरपेटीचे आहेत असे समजून पेटी उतरविणे व्यर्थ ठरते.

कारणे : गळतीची कारणे सर्वसाधारणपणे पुढीलप्रमाणे असतात. (१) सीलचे वार्धक्य : उष्णतेने व काळाने रबर कडक होते. सामान्य नायट्राइल रबर सु. १००° से. पर्यंतच दीर्घकाळ टिकते. गाडी दीर्घकाळ उभी राहिल्यास ओठ कोरडा पडून दंडाला चिकटतो व गाडी पुन्हा चालू करताच फाटतो. म्हणून नियमित चालणाऱ्या गाडीपेक्षा गोठ्यात झाकून ठेवलेली गाडी अनेकदा अधिक गळते. (२) दंडावरील खाच : वर्षानुवर्षे एकाच जागी घासून ओठ पोलादी दंडावरही खाच पाडतो. अशा दंडावर नवे सीलही गळते. (३) धारव्याची झीज : धारवा सैल झाला की दंड वर्तुळात न फिरता हेलकावतो. ओठ त्याच्यामागे धावू शकत नाही. (४) बंद झालेला श्वासमार्ग : पेटीतील हवा प्रसरण पावल्यावर बाहेर जावी म्हणून झाकणावर एक बारीक छिद्र किंवा टोपी असते, तिला कारागीर ब्रीदर म्हणतात. ती धुळीने व तेलाच्या चिखलाने बुजल्यास पेटीत दाब वाढतो. (५) तेलाची पातळी जास्त असणे. (६) अयोग्य तेल. (७) बोल्ट सैल असणे किंवा उलट अतिशय आवळल्याने झाकण वाकणे. (८) कवचास भेग जाणे किंवा आटे झिजणे.

यांपैकी श्वासमार्गाचे कारण सर्वांत स्वस्त व सर्वांत दुर्लक्षित आहे. पेटी २५° से. तापमानाला बंद आहे व चढणीवर ती ९०° से. पर्यंत तापली असे समजू. निरपेक्ष तापमान २९८ वरून ३६३ अंश केल्व्हिन होते, म्हणजेच आतील हवेचा दाब सु. २२ टक्क्यांनी वाढतो. ओठाच्या सीलची रचना तेलाचे शिंतोडे रोखण्यासाठी असते, दाब सहन करण्यासाठी नव्हे. परिणामी निर्दोष सीलही तेल सोडू लागते. याची उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. तापलेली पेटी एकाएकी थंड पाण्यात बुडाली की आतील हवा आकुंचन पावते आणि श्वासमार्ग बंद असल्यास पाणी सीलच्या ओठाखालून आत शोषले जाते. मग तेल दुधी रंगाचे होते व धारवे गंजतात.

डोंगराळ प्रदेशातील विशेष : पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे हा भाग या दोषाच्या अभ्यासासाठी बोलके उदाहरण आहे. नसरापूरहून मार्गासनीमार्गे वेल्ह्याकडे जाणारा रस्ता, खानापूरकडून वेल्ह्याकडे उतरणारा पाबे घाट, वेल्ह्याहून केळदकडे जाणारी चढणीची वाट व भोरहून महाडकडे उतरणारा वरंधा घाट या सर्वांत चढ, वळणे व मुसळधार पाऊस यांचा संगम होतो. खालच्या गिअरमध्ये दीर्घकाळ चालल्याने पेटी तापते, तर पावसाळ्यात ओढ्यावरील फरशी ओलांडताना तीच पेटी थंड पाण्यात भिजते. वर वर्णिलेले श्वासमार्गाचे दोन्ही परिणाम त्यामुळे एकाच फेरीत संभवतात. शिवाय गाडी उतारावर उभी करावी लागते. नाक वर असलेल्या गाडीत तेल मागील सीलकडे, तर नाक खाली असलेल्या गाडीत ते क्लचकडील पुढील सीलकडे जमा होते. सपाट जागी कोरडी राहणारी गाडी म्हणून घराच्या उतारावर ठिपकू लागते.

गांभीर्य : गिअर तेलाच्या एका थेंबाचे घनफळ सु. ०.०५ मिलि. धरल्यास रात्रीत दहा थेंब गाळणाऱ्या गाडीची वर्षाची तूट सु. १८० मिलि. होते. ती अधूनमधून पातळी पाहून भरून काढता येते. चालताना दर २० मी.ला एक थेंब पडत असेल, तर मात्र १ किमी.ला २.५ मिलि. तेल जाते. पुण्याहून वेल्ह्यास जाऊन परत येण्याच्या सु. १२५ किमी.च्या प्रवासात ही तूट ३०० मिलि.हून अधिक होईल. महायुद्धकालीन विलिस एमबी जीपच्या गिअरपेटीत सर्व मिळून सु. ०.७ लि. तेल मावते. म्हणजे एका फेरीत जवळजवळ निम्मी पेटी रिकामी होईल. तेल कमी झाल्याचे चालकास तत्काळ समजत नाही, कारण या पेटीला एंजिनाप्रमाणे तेलदाब दर्शक नसतो. दंतचक्रांचा घरघराट ऐकू येतो तेव्हा धारव्यांची हानी झालेली असते.

तथापि दोन जागी थोडी गळतीसुद्धा धोकादायक असते. पहिली जागा पुढील सीलची. तेथून निसटलेले तेल क्लचच्या कवचात शिरते व क्लच प्लेटच्या घर्षण आवरणावर उडते. कोरड्या आवरणाचा घर्षणांक सु. ०.३ ते ०.४ असतो. तेल लागल्यावर तो ०.१ च्या आसपास उतरू शकतो. सपाट रस्त्यावर चालकाला काहीच जाणवत नाही. घाटाच्या चढावर मात्र एंजिनाचा वेग वाढतो, गाडी पुढे सरकत नाही व जळका वास येतो. भरलेली गाडी चढावर थांबून मागे घरंगळण्याचा प्रसंग यातूनच उद्भवतो.

दुसरी जागा विलिस घडणीच्या जीपमधील ट्रान्सफर पेटीच्या मागील सीलची. चारही चाकांना शक्ती वाटून देणारी ही पेटी गिअरपेटीच्या मागे जोडलेली असते आणि या जीपचा हातब्रेक मागील चाकांवर नसून याच पेटीमागे प्रोपेलर शाफ्टच्या तोंडाशी असतो. मागील सील गळू लागले की तेल सरळ हातब्रेकच्या ड्रममध्ये जाते. गाडीखाली ठिपका फारसा दिसत नाही, कारण तेल ब्रेकचे आवरणच शोषून घेते. पण चढावर उभी केलेली जीप हातब्रेक पूर्ण ओढूनही थांबत नाही. असा हातब्रेक केवळ तार आवळून दुरुस्त होत नाही. तेलाचा उगम बंद करून आवरण बदलावे लागते. या दोन जागांची गळती आढळल्यास दुरुस्तीपूर्वी गाडी घाटात नेऊ नये.

निदान : निदानाची पहिली पायरी म्हणजे गळणारा द्रव ओळखणे. गाडीखाली रात्रभर पांढरा पुठ्ठा किंवा जुने वर्तमानपत्र अंथरून त्यावर चाकांच्या जागा खुणेने दाखवाव्यात. ठिपक्यांच्या स्थानावरून व स्वरूपावरून पुष्कळ बोध होतो. एंजिनाचे वापरलेले तेल काळपट व तुलनेने पातळ असते. गिअर तेल दाट, मधासारखे पिवळे ते तपकिरी असून त्यास बहुधा गंधकयुक्त उग्र वास येतो. ब्रेकचा ग्लायकॉलयुक्त द्रव पातळ असून पाण्यात मिसळतो व रंग उखडतो. रेडिएटरमधील पाण्याला रंग व गोडसर वास असू शकतो. स्वयंचलित गिअर असलेल्या आयात अमेरिकन गाड्यांतील द्रव सामान्यतः लाल असतो. या गाड्यांची दुरुस्ती निराळ्या पद्धतीने करावी लागते.

दुसरी पायरी स्वच्छतेची. वर्षानुवर्षांच्या तेलकट मातीच्या थराखाली उगम शोधणे शक्य नसते. पेटी थंड असताना तार-ब्रश व रॉकेल किंवा डीझेल वापरून ती बाहेरून धुवावी, कोरडी पुसावी व सांध्यांवर खडूची किंवा शंखजिऱ्याची पूड फवारावी. त्यानंतर दहापंधरा किमी. गाडी चालवून पाहावी. पांढऱ्या पुडीवर तेलाचा ओघळ स्पष्ट उमटतो. ओघळ वाचताना एक नियम पाळतात. तेल गुरुत्वामुळे खाली व वाऱ्यामुळे मागे जाते, म्हणून सर्वांत वरची व सर्वांत पुढची ओली जागा हाच उगम होय. सर्वांत खालचा ठिपका उगम नसतो. झाकणाच्या गॅस्केटमधून आलेले तेल पेटीच्या बाजूने उतरून खालच्या बुचाच्या टोकाशी ठिपकते व निष्कारण बुचावर दोष येतो. एंजिनाच्या झडपांवरील झाकणाची गळतीही अशीच मागे वाहत येऊन गिअरपेटीची वाटते. याहून सूक्ष्म निदानासाठी तेलात प्रतिदीप्त रंगद्रव्य मिसळून जंबुपार दिव्याखाली पाहणी करतात.

क्लचच्या घंटाकृती कवचाच्या तळाशी बहुधा एक भोक असते व त्यात दुभंगी पिन लोंबते. तेथून तेल येत असेल, तर ते एंजिनाच्या मागील सीलचे की गिअरपेटीच्या पुढील सीलचे हा प्रश्न उभा राहतो. दाटपणा व वास यांवरून प्रथम तर्क करावा. दोन्ही पातळ्यांची नोंद ठेवून पंधरा दिवसांनी पुन्हा मोजल्यास कोणती घटली ते समजते. गाडी न चालविता केवळ एंजिन चालू ठेवून गळती वाढते का, हेही पाहतात. तरीही शंका उरल्यास पेटी उतरवावीच लागते व अशा वेळी दोन्ही सील एकदम बदलणे शहाणपणाचे असते.

तिसरी पायरी यांत्रिक झिजेची तपासणी. गाडी सुरक्षितपणे टेकवून प्रोपेलर शाफ्टचे पुढील टोक हाताने वरखाली हलवून पाहावे. स्पष्ट ढिलेपणा जाणवल्यास प्रथम धारवा बदलणे आवश्यक आहे. स्पीडोमीटरची तार जेथे पेटीत शिरते ती जागाही पाहावी. तेथील सील झिजल्यास फिरणारी तार तेल वर चढविते व ते कधी कधी चालकासमोरील तबकडीपर्यंत पोहोचते.

जीपमध्ये आणखी एक फसवी अवस्था आढळते. गिअरपेटी व ट्रान्सफर पेटी यांना तेल भरण्याची भोके वेगळी असली, तरी मधला धारवा किंवा सील झिजल्यास तेल एकीतून दुसरीत जाते. बाहेर थेंबही न पडता गिअरपेटी रिकामी होते व ट्रान्सफर पेटी काठोकाठ भरून तिच्या सीलमधून गळू लागते. कारागीर मग मागील सील बदलतो व गळती काही दिवसांनी परत येते. म्हणून जीपमध्ये दोन्ही बुचे उघडून दोन्ही पातळ्या एकाच वेळी पाहणे हा निदानाचा अपरिहार्य भाग आहे.

दुरुस्ती : दुरुस्ती नेहमी सोप्याकडून अवघडाकडे करीत जावी. गाडी सपाट जागी उभी करून तेलाची पातळी पाहावी. ती सामान्यतः भरण्याच्या भोकाच्या खालच्या काठाशी असावी. ब्रीदर काढून रॉकेलने धुवून फुंकून मोकळा करावा. बुचांचे वॉशर बदलावेत. तांब्याचे जुने वॉशर लाल तापवून थंड केल्यास पुन्हा मऊ होतात. झाकणाचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे व सारखे आवळावेत. आरपार जाणाऱ्या भोकांतील बोल्टच्या आट्यांवरून तेल चढते. अशा आट्यांना न सुकणारे चिकटद्रव्य लावावे. बऱ्याच गाड्यांची गळती एवढ्यानेच थांबते.

गॅस्केट बदलताना दोन्ही पृष्ठे खरवडून स्वच्छ करावीत. ॲल्युमिनियमवर पोलादी पाते जोराने चालवू नये. सरळ पट्टी लावून झाकण वाकले आहे काय ते पाहावे. पत्र्याच्या झाकणाची बोल्टच्या भोकाजवळ वर आलेली कड लाकडी ठोकळ्यावर हलके ठोकून सपाट करतात. तयार गॅस्केट मिळत नसल्यास तेलरोधी कागद झाकणावर ठेवून गोल तोंडाच्या हातोडीने कडेवर टिचक्या मारून तो कापतात. पुण्याच्या नाना पेठेसारख्या सुट्या भागांच्या बाजारात असा कागद सहज मिळतो. धारव्याच्या झाकणाखालील गॅस्केटची जाडी मात्र मूळचीच ठेवावी, कारण काही पेट्यांत त्या जाडीवर दंडाची पुढेमागे होणारी हालचाल अवलंबून असते. सिलिकोनचे चिकटद्रव्य वापरल्यास ते अत्यंत पातळ लावावे. आत पिळून निघालेले तुकडे तेलात तरंगून तेलमार्ग बुजवितात.

मागील सील बदलण्यासाठी प्रोपेलर शाफ्ट व त्याचे जोड यांवर खुणेची रेघ मारून तो काढतात, म्हणजे जुळणी मूळ स्थितीत होऊन थरथर उद्भवत नाही. जीपमध्ये हातब्रेकचा ड्रमही काढावा लागतो. जोडाच्या ज्या गुळगुळीत भागावर ओठ टेकतो तेथे नखाने चाचपून पाहावे. नख अडकण्याइतकी खाच असल्यास तीन उपाय आहेत. जागा असेल तर नवे सील एकदोन मिमी. मागेपुढे बसवून ओठ नव्या पट्ट्यावर आणणे, खाचेवर सु. ०.२८ मिमी. जाडीची पोलादी बाही चढविणे किंवा तो भागच बदलणे. सीलवर आतील व्यास, बाहेरील व्यास व रुंदी हे आकडे असतात. जीपसारख्या जुन्या घडणीत ही मापे इंचांत असल्याने जवळपासचे मिलिमीटर माप चालवून घेऊ नये. सीलचा स्प्रिंग असलेला ओठ तेलाच्या बाजूस येईल असे ते बसवावे. ओठाला तेल किंवा ग्रीज लावावे, खाचांच्या दंडावरून नेताना त्यावर गुळगुळीत चिकटपट्टी गुंडाळावी आणि सीलएवढ्या रुंदीच्या नळीने ते सारखे ठोकून आत बसवावे. एका बाजूने ठोकलेले सील तिरपे बसून पहिल्याच दिवशी गळते. चामड्याचे सील बसविण्यापूर्वी तेलात मुरवून ठेवावे लागते.

पुढील सीलसाठी सर्व पेटी मागे ओढून खाली उतरवावी लागते. पेटीचे वजन क्लच प्लेटच्या मध्यभागी लटकू देऊ नये, अन्यथा प्लेट वाकते. पेटी उतरविलीच आहे तर क्लच प्लेट, क्लच सोडविणारा धारवा व एंजिनाचे मागील सील यांचीही तपासणी करावी. सुटे भाग स्वस्त असतात, पेटी पुन्हा उतरविण्याची मजुरी महाग पडते. तेलाने भिजलेली क्लच प्लेट पेट्रोलने धुवून परत बसविण्याची प्रथा चुकीची आहे. आवरणात मुरलेले तेल उष्णतेने पुन्हा वर येते आणि प्लेट पहिल्याच चढावर घसरते.

जुळणीनंतर पहिल्या ५० किमी. नंतर पातळी, बोल्ट व ओघळ यांची पाहणी करतात.

तेलाची निवड : गळती थांबावी म्हणून निर्मात्याने सांगितल्यापेक्षा दाट तेल भरणे हा तात्पुरता उपाय असून त्याने थंड पेटीत गिअर बदलणे जड होते व वरच्या धारव्यांना वंगण कमी मिळते. गिअर तेलाचे व एंजिन तेलाचे श्यानतांक वेगवेगळ्या मापपट्ट्यांवरील असतात. गिअर तेलाचा ‘९०’ हा अंक एंजिन तेलाच्या ‘४०’ ते ‘५०’ या अंकांइतक्याच श्यानतेचा निदर्शक आहे. याहून महत्त्वाची बाब तेलातील पूरकांची. मागील आसासाठी असलेल्या जीएल-५ दर्जाच्या तेलात तीव्र दाब सहन करण्यासाठी गंधक व फॉस्फरस यांची संयुगे अधिक असतात. ती गरम असताना गिअर जुळविणाऱ्या पितळी कड्यांना बाधक ठरू शकतात. म्हणून अशी कडी असलेल्या जुन्या गिअरपेटीत निर्मात्याच्या पुस्तिकेनुसार साधे खनिज तेल किंवा जीएल-४ दर्जाचे तेल वापरतात. रबर फुगवून गळती थांबविणारी द्रव्येही मिळतात. त्यांनी कडक झालेला ओठ काही काळ मऊ होतो, परंतु फाटलेला ओठ किंवा खाच पडलेला दंड सुधारत नाही.

सुरक्षितता : केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. ती भक्कम घोड्यांवर टेकवावी. दगडविटांचा आधार अचानक फुटतो. जीपबाबत एक विशेष धोका आहे. तिचा हातब्रेक शाफ्टवर असल्याने मागचे एक चाक उचलताच विभेदी दंतचक्र मालेमुळे ते चाक उलट फिरू शकते व जमिनीवरील चाकही मोकळे होते. हातब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळते. म्हणून जमिनीवरील चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी लावल्याशिवाय चाक उचलू नये. धुण्यासाठी पेट्रोल वापरू नये. जुन्या क्लच व ब्रेक आवरणांत ॲस्बेस्टस असते. त्याची धूळ हवेने न उडविता ओल्या फडक्याने पुसावी. काढलेले तेल डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी द्यावे. वेल्हे भागातील ओढ्यांचे पाणी गुंजवणीतून नीरेस मिळते. ओढ्याकाठी ओतलेले तेल अशा रीतीने खालच्या गावांच्या पाण्यात जाते.

जतनाची मर्यादा : केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीस पन्नासहून अधिक वर्षे झालेल्या व मूळ स्वरूपात जतन केलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला स्वतंत्र नोंदणी क्रमांक मिळू शकतो. अशा गाडीत मूळ भाग राखणे इष्ट असले, तरी आत दडलेले नमद्याचे सील बदलून रबराचे बसविल्याने गाडीचे रूप पालटत नाही व तिचे आयुष्य वाढते. याउलट गळती थांबविण्यासाठी कवचाला बाहेरून लांबी फासणे किंवा वेल्डिंग करणे यांनी मूळ ओतीव भागाची कायमची हानी होऊ शकते.

पन्नास वर्षांची गिअरपेटी पूर्णपणे कोरडी राहील अशी अपेक्षा वाजवी नाही. जतनकर्त्याने दोन प्रकारच्या गळत्यांत भेद करावयास हवा. बुचाशी किंवा झाकणाशी उमटणारा ठिपका पातळी नियमित पाहून व नोंद ठेवून चालवून घेता येतो. क्लचच्या कवचात किंवा हातब्रेकच्या ड्रममध्ये जाणारे तेल, मग ते कितीही थोडे असो, गाडी घाटात नेण्यापूर्वी बंद करावेच लागते.